होल्गर ब्रिंकचे तीन निरोप समारंभ

आमच्या स्कोवाड नगरपालिकेत होल्गर ब्रिंकचा निरोप समारंभ तीनदा झाला. पहिल्या खेपेला आम्ही त्याला पाठीवरची पिशवी दिली, दुसऱ्या खेपेला लोकरीचा स्वेटर दिला, आणि तिसऱ्या खेपेला आमचा खातेप्रमुख टोरकिल मला बाजूला घेऊन म्हणाला, "बोदिल, या वेळी नुसती फुलं दिली तर चालेल ना? फुलं निदान वाळून तरी जातात. गडी परत आला तर स्वेटरबरोबर पायमोजे द्यायची पाळी यायला नको."

टोरकिल असाच आहे. पण त्याचं चुकत होतं असंही नाही. तोच माणूस, तेच भाषण, केकवर तीच कागदी निशाणं, हे सगळं तिसऱ्यांदा करताना कोणाचाही चेहरा आंबणारच. मी स्वतः पहिल्या समारंभाला रडले होते. दुसऱ्याला मी फक्त कॉफी ओतली.

होल्गर माझ्या शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं बसला. उंच, खांद्यातून वाकलेला, हसला तरी आवाज न करणारा. डब्यात रोज राय नावाच्या धान्याचा काळा पाव, त्यावर लिव्हर पेस्ट आणि बीटच्या दोन चकत्या, कधी तीन नाहीत. मूळचा तो टेलिफोन खात्यातला. तारेवरच्या खरखरीवरून बिघाड कोणत्या खांबापाशी आहे ते सांगायचा म्हणे, आणि सांगितलेलं खरं निघायचं. पुढे ते एक्स्चेंज बंद झालं आणि त्याला नगरपालिकेच्या वाहतूक विभागात आणून बसवलं. तिथे त्याच्या वाट्याला आली ती खास शाळेत जाणारी एकेचाळीस मुलं आणि त्यांना ने-आण करणाऱ्या नऊ टॅक्सी.

ही मुलं एकटी बसने जाऊ शकत नाहीत. कोणी चाकाच्या खुर्चीत, कोणी बोलत नाही, कोणाला अनोळखी ड्रायव्हर दिसला की दिवस वाया. त्यामुळे कोणाला कुठून, किती वाजता, कोणत्या गाडीने उचलायचं याची यादी चोख लागते. ती यादी पूर्वी होल्गर हाताने करायचा. दोन हजार बाराच्या शरदात वरून फतवा आला की आता सगळ्या नगरपालिकांची माहिती एका मध्यवर्ती सर्व्हरवर राहील आणि ज्याने त्याने तिथून रोज आपापली यादी मागून घ्यावी. कशी मागायची ते त्यांनी एकशे सत्तर पानांत लिहून दिलं होतं. मागणारा प्रोग्राम मात्र आपला आपण करायचा.

असा प्रोग्राम म्हणजे काय ते मला होल्गरनेच समजावलं. "असं समज, एक खिडकी आहे. आत कारकून बसलाय, पण तो बोलत नाही. ठरलेल्या नमुन्यातला फॉर्म भरायचा, सही करायची, आत सरकवायचा. तो तसल्याच फॉर्मवर उत्तर देतो. आपल्याला फक्त खिडकीशी उभा राहणारा एक माणूस तयार करायचाय."

"आणि फॉर्म चुकला तर?"

"तर तो कागद परत करतो. काय चुकलं ते सांगत नाही. नुसतं म्हणतो, अवैध."

विकत घ्यायला गेलं तर एक कंपनी वर्षभराने देते म्हणाली. होल्गर म्हणाला, मी बघतो. इंटरनेटवर एक ओपन सोर्स कोड होता, कॅनडातल्या कोणा माणसाने लिहून सगळ्या जगासाठी मोकळा ठेवलेला. ती एकशे सत्तर पानं त्याच्यात घातली की खिडकीशी उभा राहणारा माणूस निम्मा तयार होऊन मिळायचा. उरलेला निम्मा आपण करायचा. होल्गरने तो उतरवून घेतला आणि अकरा दिवस त्या खिडकीवर डोकं आपटलं. अवैध. अवैध. अवैध. फॉर्मातली प्रत्येक ओळ तो पेन्सिलीने कागदावर लिहायचा आणि पाठवलेल्या मजकुराशी बोट ठेवून ताडून पाहायचा. बाराव्या दिवशी त्याला सापडलं. सहीबरोबर वेळ जात होती, ती एक तास मागची होती. कॅनडातल्या माणसाने उन्हाळी वेळेचा हिशेब आपल्यासारखा धरला नव्हता. होल्गरने स्वतःच्या प्रतीत दोन ओळी बदलल्या आणि यादी आली, एकेचाळीस नावं, नीट ओळीने. त्या दिवशी त्याने बीटच्या चकत्या मला दिल्या.

त्याचा फास मात्र त्याच दिवशी त्याच्या गळ्यात पडला होता. आम्हाला तो फास दीड वर्षाने दिसला.

त्याची बायको सोल्वाय दूर उत्तरेच्या समुद्रातल्या फेरो बेटांवरची. तिकडे तोर्सहाव्हनच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा निघाली, आईचं घरही तिथेच रिकामं होतं, तेव्हा ती दोन हजार तेराच्या शेवटी गेली. होल्गर मागाहून यायचा होता. फेब्रुवारीच्या अखेरच्या शुक्रवारी आम्ही त्याला निरोप दिला. पाठपिशवी दिली. शनिवारी सकाळी तो हिर्ट्सहाल्सच्या धक्क्यावर गाडी घेऊन बोटीच्या रांगेत उभा होता.

शनिवारी सकाळी सात वाजता एगोनचा मला फोन. एगोन आमचा सगळ्यात जुना टॅक्सीवाला, त्याची तक्रार ऐकायची सवय होती, पण त्या दिवशी त्याचा आवाज वेगळा होता.

"होल्गर कुठाय? माझ्या हातात कोरा कागद आलाय."

"कोरा म्हणजे?"

"कोरा म्हणजे कोरा, बाई. शुक्रवारी रात्री वसतिगृहात ठेवलेली सात पोरं शनिवारी घरी न्यायची असतात. कुठली सात, कुठल्या घरी? मी काय दारोदार विचारत फिरू, तुमचं पोर हरवलंय का म्हणून?"

मेख अशी होती. खिडकीत सरकवायच्या फॉर्मवर सही लागते, आणि आमच्याकडे अशी सही कर्मचाऱ्याच्या नावाने मिळते. होल्गरने प्रोग्रामला स्वतःची सही दिली होती. दुसऱ्या कोणाची देणार होता? शुक्रवारी रात्री बाराच्या ठोक्याला त्याची नोकरी संपली, नोकरीबरोबर सही मेली, आणि सहीबरोबर यादी गेली. दीड वर्ष ती एकेचाळीस मुलं रोज त्याच्या नावावर शाळेत जात होती आणि हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. कागदोपत्री सगळं चोख ठेवणाऱ्या माणसांना हे असलं जमतं.

टोरकिलने त्याला फोन केला तेव्हा बोट सुटायला दोन तास होते. होल्गर रांगेतून गाडी मागे घेऊन परत आला, टोरकिलने त्याला पुन्हा नोकरीवर घेतलं आणि सही जिवंत झाली. त्याला मागे जाऊ देण्यासाठी पाठीमागच्या चौदा गाड्यांना हलावं लागलं, असं तो नंतर सांगायचा, आणि सांगताना बिनआवाजाचा हसायचा.

मग कार्यालयाच्या नावाची सही मागवायचं ठरलं. तिचा अर्ज कोणी करायचा यावर तीन बैठका झाल्या. अर्ज परत आला, कारण सही मागणाऱ्या माणसाला सही मागण्याचा अधिकार असल्याचा कागद जोडला नव्हता. तो कागद देणारी बाई बाळंतपणाच्या रजेवर होती. मी अतिशयोक्ती करत नाहीये. एक वर्ष आणि दहा महिने लागले. तेवढा काळ होल्गर रिकाम्या घरात दोन खोकी उघडून राहिला. बाकीची खोकी तो उघडेना, कारण पुन्हा भरावी लागली असती. सोल्वाय उन्हाळ्यात यायची आणि तीही त्या खोक्यांच्या मधूनच वाट काढायची.

दोन हजार पंधराच्या डिसेंबरात कार्यालयाची सही आली, चालली, आणि वर्ष संपता संपता दुसरा समारंभ झाला. स्वेटर दिला. या वेळी तो खरोखर पोचला.

चार जानेवारीला, सोमवारी, शाळा उघडली. यादी आली होती. कोरी नव्हती, नावं सगळी बरोबर होती. पण आठ वाजल्यापासून टेलिफोन जो खणखणायला लागला तो थांबेना. टॅक्सी बापाच्या दारात आणि मूल आईकडे. टॅक्सी आईच्या दारात आणि मूल बापाकडे.

आमच्याकडे घटस्फोट झाला की मुलं आठवडे वाटून घेतात, कोणाकडे सम आठवडा आईचा आणि विषम बापाचा, कोणाकडे उलट. वर्षाच्या प्रत्येक आठवड्याला नंबर असतो आणि सगळा देश त्या नंबरांवर चालतो. दातांचा डॉक्टरसुद्धा तारीख सांगत नाही, आठवडा सांगतो. आमचा पहिला आठवडा म्हणजे ज्यात वर्षाचा पहिला गुरुवार पडतो तो. हे कोणाला शिकवावं लागत नाही, म्हणून त्या एकशे सत्तर पानांत ते कोणी लिहिलंही नव्हतं. कॅनडातल्या माणसाच्या कोडात मात्र पहिली जानेवारी ज्या आठवड्यात पडेल तोच पहिला. तीन वर्षं दोन्ही हिशेब योगायोगाने जुळत राहिले. त्या वर्षी पहिली जानेवारी शुक्रवारी आली आणि आमचा प्रोग्राम खिडकीशी जाऊन दुसऱ्या आठवड्याची यादी मागू लागला. ज्यांच्या घरात घटस्फोट झाला होता ती सगळी पोरं चुकीच्या दारात शोधली गेली.

बहुतेकांचं गाड्या फिरवून भागलं. आल्माचं भागलं नाही. आल्मा सात वर्षांची, बोलत नाही. आईने तिला नेहमीप्रमाणे फाटकापाशी चाकाच्या खुर्चीत बसवलं, लांबून गाडीचे दिवे दिसले म्हणून ती कामावर निघून गेली. ते दिवे दुसऱ्याच गाडीचे होते. उणे सहा तापमानात ती पोर पन्नास मिनिटं तिथे होती. शेजारच्या म्हाताऱ्याने तिला आत घेतलं तेव्हा तिची बोटं पांढरी पडली होती. बोटं वाचली. पण त्या सकाळी आमच्या कार्यालयात कोणी कोणाच्या डोळ्यात बघत नव्हतं.

मीच होल्गरला फोन केला. तो चार दिवसांपूर्वी तिथे पोचला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, आल्माचं दोनदा विचारलं, आणि म्हणाला, "येतो."

आमच्याकडे ज्याची चूक त्याने केक आणायचा असा रिवाज आहे. होल्गर परत आला त्या दिवशी टोरकिलने स्वतःच केक आणून ठेवला होता, होल्गरला आणावा लागू नये म्हणून. होल्गरने त्याला हात लावला नाही. आठवड्याच्या हिशेबाची ओळ त्याने दोन तासांत दुरुस्त केली आणि खुर्चीवर जो बसला तो तीन वर्षं उठला नाही.

कोणी विचारलं की म्हणायचा, "तो कोड आता मी हाताने इतका ठिगळलाय की नवी आवृत्ती घातली तर सगळं उसवेल. माझ्याशिवाय कोणाला कळायचं नाही. एवढं एकदा मार्गी लागू दे, मग जातो." आमचा विश्वास होता. का नसावा? आम्ही आल्माला विसरलो नव्हतो. प्रत्येक ड्रायव्हर खुट्ट झालं की त्याला फोन करायचा, आणि तो खोक्यांमधून उठून यायचा. मला त्याची दया यायची आणि रागही यायचा. नगरपालिकेने एका माणसाला खुंटीला बांधून ठेवलंय असं मी टोरकिलला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "मग तूच शीक ना त्याच्याकडून. बोलायला काय जातं?"

झालं. बावन्नाव्या वर्षी मी कोड शिकायला बसले.

होल्गर शिकवायला चांगला होता, पण गंमत अशी की शिकवलेलं कधी पुरं व्हायचं नाही. मी कुठे हात घातला की म्हणायचा, "तिथे नको, ते नाजूक आहे." सगळंच नाजूक होतं.

एप्रिलमध्ये सोल्वायचा मला फोन आला. आम्ही चार-पाचदा भेटलेल्या, मैत्रिणी म्हणाव्या इतक्या नाही.

"बोदिल, सरळ विचारते. तुम्ही त्याला सोडत का नाही?"

"सोडू गं. मी शिकतेय."

"साडेपाच वर्षं झाली. मी तेवीस जूनपर्यंत, सान्त हान्सच्या सणापर्यंत थांबणार. त्या दिवशी इथे शेकोटीपाशी तो असला तर ठीक. नसला तर मी वाट बघायचं सोडून देईन. रागाने नाही बोलत मी. दमले."

फोन ठेवला आणि मी ठरवलं की जूनच्या आत या माणसाला मोकळा करायचाच. इंटरनेटवर त्या कोडाचं जिथे काम चालतं त्या जागी मी माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं, की आमच्याकडे आठवडे असे मोजतात, वेळ अशी धरतात, आमच्या माणसाने हाताने दुरुस्त केलंय, ते तुम्ही मुळातच घ्याल का. मला वाटलं होतं कोणी उत्तर देणार नाही. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, अगदी सभ्य. या दोन्ही दुरुस्त्या दोन हजार सोळाच्या फेब्रुवारीतच घेतल्या आहेत. नॉर्वेतल्या एका बाईने पाठवल्या होत्या. नवी आवृत्ती घातली की काम झालं. खाली जुन्या चर्चेचा दुवा होता.

मी तो उघडला. नॉर्वेच्या बाईच्या दुरुस्तीखाली एकच शेरा होता: "आमच्याकडेही तपासून पाहिलं. विनातक्रार चालतं. आभार." सही होती होल्गर ब्रिंक, स्कोवाड.

मी तो शेरा सहा-सातदा वाचला. फेब्रुवारी दोन हजार सोळा, म्हणजे आल्मानंतर महिन्याभराने. ठिगळ, नाजूक, उसवेल, सगळं बनाव. तीन वर्षं तो माणूस उघड्या दाराशी बसून आम्हाला कुलूप दाखवत होता. माझं डोकं इतकं तापलं की मी कागद छापून घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत त्याला सायकलींच्या छपराखाली गाठलं.

"हे तूच ना?"

त्याने कागद पाहिला. खिशातून चष्मा काढला, पुन्हा पाहिला. उगाच वेळ काढत होता.

"मीच."

"मग मूग गिळून का बसलास? तिकडे ती बाई दिवस मोजतेय. इकडे आम्ही तुझ्या नावाने हळहळतोय. मी या वयात तुझा कोड शिकतेय, होल्गर. तुला लाज कशी वाटली नाही?"

"वाटते ना. रोज वाटते."

मग बराच वेळ तो एका सायकलीची घंटी अंगठ्याने पुसत राहिला. मग जो बोलायला लागला तो थांबला नाही.

"तिथे मी चार दिवस होतो, बोदिल. चार दिवसांत मला कोणी काही विचारलं नाही. सोल्वायची शाळा, तिचं गाण्याचं मंडळ, तिची भाषा. लोक चांगले आहेत. मला कॉफी देतात आणि आपापसात बोलतात. मी खिडकीत बसून समुद्र बघायचा. एक्स्चेंज बंद झालं तेव्हा असाच बसलो होतो सात महिने. घरात फोन होता, पण तो माझ्यासाठी वाजत नव्हता. चौथ्या दिवशी तुझा फोन आला. तू म्हणालीस, पोर थंडीत होती, बोटं पांढरी पडली."

"मग?"

"मला आधी काय वाटलं सांगू? मला आनंद झाला. पोरीचं नंतर आलं मनात. क्षणभरानेच आलं, पण नंतर आलं. आधी आनंद झाला, की चला, बोलावलं."

तो पुढे म्हणाला, "असल्या माणसाने सोल्वायच्या घरी जाऊन तिच्या खिडकीत बसायचं कसं? आणि इथून उठायचं तरी कसं? तूच सांग."

राग कुठल्या कुठे गेला होता आणि त्याच्या जागी काय आलं होतं ते अजून नीट उमगलेलं नाही. मी कागदाची घडी करून खिशात घातली. म्हटलं, "सोमवारी मी नवी आवृत्ती घालणार आहे. तू शेजारी बसायचंस. आणि बावीस जूनची बोट आहे." तो मानेने हो म्हणाला. अडवलं असतं तर मी भांडले असते. तसं हो म्हटल्यावर मला जास्त त्रास झाला.

नवी आवृत्ती एका तासात बसली. मी तिला आधी मागच्या चार वर्षांतल्या तारखा देऊन पाहिल्या, आल्माचा सोमवारही. खिडकीने एकदाही कागद परत केला नाही. सात आठवडे एकाही ड्रायव्हरचा फोन आला नाही. होल्गर टेलिफोनकडे तोंड करून बसायचा आणि पेन्सिलींना टोकं काढायचा. मे महिन्यात त्याच्या सगळ्या पेन्सिली बोटाएवढ्या झाल्या.

जूनच्या सुरुवातीला सोल्वायचा पुन्हा फोन. "तिकीट काढलंय म्हणे त्याने. खरं का?"

"खरं."

"बोदिल, इतकी वर्षं त्याला कोणी धरून ठेवलं होतं? तुम्ही, की तो स्वतः?"

तो कागद माझ्या खणातच होता. मी म्हटलं, "आम्ही. नगरपालिका. तुला माहीतच आहे आमचा कारभार." आभार मानून तिने फोन ठेवला.

तिसऱ्या समारंभाला टोरकिलने फुलंच दिली. भाषण छोटं केलं. होल्गर गेला, आणि मी त्याच्या रिकाम्या टेबलावर माझ्या फायली पसरल्या.

चोवीस जूनला, सोमवारी, पावणेदहाला त्याचा फोन. शेकोटी चांगली झाली, हवा बरी आहे, माशांचं कालवण खाल्लं. मग म्हणाला, "यादी आली?"

"आली."

"सगळं ठीक?"

"सगळं ठीक."

"काहीच नाही?"

त्या "काहीच नाही"मध्ये असं काही होतं की माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे तसं एक आहे. बारीकसं. घाई नाही. एका नावाचं उत्तर दोनदा येतंय, मला कळत नाही का." असं काही नव्हतं. तो म्हणाला, "थांब, थांब, कागद घेतो." त्याचा आवाज एकदम तरुण झाला. पाठव म्हणाला. आता पाठवणार काय? मी कोडाची एक वेगळी प्रत काढली, खऱ्या यादीशी तिचा काही संबंध नाही अशी, तिच्यात खोटी नावं भरली, एक ओळ मुद्दाम मोडली आणि त्याला पाठवली. बुधवारी दुरुस्त होऊन आली, सोबत पेन्सिलीने लिहिलेल्या टिपणाचा फोटो.

पुढच्या सोमवारी पुन्हा फोन आला. त्याच्या पुढच्याही. तीन वर्षं झाली. रविवारी दुपारी जेवण झालं की मी मोडायला बसते. नवऱ्याला वाटतं मी कामात फार रमले आहे. रजा घ्यायची तर आधी दोन आठवड्यांचे बिघाड करून ठेवावे लागतात. चांगला कोड लिहिणं कठीण म्हणतात. पटेल असा बिघाड दर आठवड्याला करून दाखवा, नाकी नऊ येतात. सांगून टाकावं असं कितीदा मनात येतं. मग सायकलींचं छप्पर आठवतं आणि मी गप्प बसते. होल्गर सुटला की नाही मला माहीत नाही, मी मात्र पुरती अडकले आहे.

गेल्या महिन्यात सोल्वायचा फोन आला, खूप दिवसांनी. हवापाणी झालं, तिची निवृत्ती झाली हे कळलं. मग ती आवाज खाली करून म्हणाली, "बोदिल, एक सांगायचं होतं. ते सोमवारचं तू पाठवतेस ना, ते जरा अवघड पाठवत जा."

"तुला ठाऊक आहे?"

"तुमच्या नगरपालिकेत दर सोमवारी बिघाड होतो आणि बुधवारी मिटतो, हे मी तीन वर्षं ऐकतेय. तेहेतीस वर्षं मुलांच्या सबबी ऐकण्यात गेलीत गं माझी. आणि तेव्हा त्याला कोणी धरून ठेवलं होतं तेही मला ठाऊक होतं. पण तू त्याला पाठीशी घालून 'आम्ही' म्हणालीस, म्हणून मी त्याला दार उघडलं. बरं, ऐक. मागचा तुझा सोमवारी अकरालाच सुटला. मग आठवडाभर तो माझ्या मागे मागे. मी आता घरीच असते. मलाही थोडी मोकळीक नको का?"

त्या रविवारी मी इरेला पेटून बसले. तीन ठिकाणी मोडलं, एक बिघाड दुसऱ्यात गुंतवला, आणि पाठवण्याआधी सवयीने सगळं उलट सोडवून पाहिलं. दोन सुटले. तिसरा माझा मलाच सुटेना. संध्याकाळी पुन्हा पाहिलं, सोमवारी कार्यालयात पाहिलं, काय मोडलं होतं तेच सापडेना. शेवटी तसाच पाठवला. मंगळवारी दुपारपर्यंत मी त्याच्या फोनची खरोखरच वाट पाहत बसले होते.